वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

कोहमारा हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण नागपूरहून रायपूरला रस्त्याने गेला असाल तर आमच्या चौकातून गेला आहात. राष्ट्रीय महामार्ग ५३. जुनी माणसं त्याला अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. चौकातून उत्तरेला गोरेगाव आणि गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. या चौकापासून जवळच माझ्या बाबांचं कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं.

त्या दुकानात मी लहानपणापासून एक गोष्ट पाहत आलो. आलेला शेतकरी आधी खताचा भाव विचारत नाही आणि बाबाही "काय पाहिजे?" असं विचारत नाहीत. "बसा न जी," म्हणतात. मग पाऊस, मग रोवणी कुठवर आली, मग पोरीचं लग्न जुळलं का, मग चहा. पंधरा-वीस मिनिटांनी, उठता उठता माणूस म्हणतो, "तेवढं बियाणं देऊन द्या न भाऊ." उधारीची वही आहे, पण अर्धा हिशेब बाबांच्या डोक्यात असतो. कोणाचं धान कधी विकलं जाईल, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला यंदा थांबावं लागेल. इंजिनिअरिंगसाठी नागपूरला गेल्यावर मला या सगळ्याची थोडी लाज वाटायला लागली होती. "हा वेळ वाया घालवण्याचा धंदा आहे," असं मी एकदा बाबांना बोलूनही दाखवलं.

पुढे नागपुरातच एका कंपनीत लागलो. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि चालवून देतो. आमचा एक ग्राहक मेक्सिकोतला होता. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की त्यांचे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आमचा कॉल असायचा. काम सुरू होण्याआधी आम्हाला एक पीडीएफ वाटली गेली: लॅटिन अमेरिकी लोकांशी कसं वागावं. अकरा मुद्दे. ते उशिरा येतात. कुटुंबाला महत्त्व देतात. थेट 'नाही' म्हणत नाहीत. फुटबॉलबद्दल बोला. राजकारणाबद्दल बोलू नका. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू, मेक्सिको, सगळ्यांना मिळून एकच पान. मेक्सिको दक्षिण अमेरिकेत नाहीच, नकाशावर तो उत्तर अमेरिकेत आहे. ब्राझीलमध्ये स्पॅनिश नाही, पोर्तुगीज बोलतात. त्या पानाला याचं काही नव्हतं.

मी ते पान पाठ केलं. तरी व्हायचं ते झालंच. पलीकडच्या साहेबांच्या ईमेलखाली नावाआधी 'इंग' असं लिहिलेलं असायचं. मला वाटलं, हेच त्यांचं पहिलं नाव. सगळ्यात शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असंही मी धरून चाललो. जवळजवळ वर्षभर मी त्यांना 'डिअर इंग' लिहीत होतो. मग कोणीतरी सांगितलं की ते 'इन्हेनिएरो'चं लघुरूप आहे, म्हणजे इंजिनिअर. तिकडे पदवी नावाआधी लावून माणसाला हाक मारतात, आपल्याकडे 'गुरुजी' किंवा 'डॉक्टरसाहेब' म्हणतात तसं. आणि तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. म्हणजे एका माणसाला मी वर्षभर त्याच्या पदवीने आणि त्याच्या आईच्या माहेरच्या आडनावाने ओळखत होतो. त्याने एकदाही दुरुस्ती केली नाही.

दिवाळीला घरी आलो तेव्हा ही गंमत बाबांना सांगितली. ते हसले. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण आहे?"

मला माहीत नव्हतं. वर्षभरात शंभरेक कॉल झाले असतील. बाबा पुढे काही बोलले नाहीत, पण त्या प्रश्नाने मला चांगलंच टोचलं. गावोगाव मंडई सुरू होत होत्या, रात्री झाडीपट्टीच्या नाटकांचे भोंगे ऐकू येत होते, आणि मी मोबाइलवर शोधत बसलो होतो: आपल्या भागातून कोणी कधी त्या देशात गेलं होतं का, आणि गेलं असेल तर त्याला तो देश कसा कळला?

उत्तर फार लांब नव्हतं. वर्ध्याला होतं.

घर नसलेला माणूस

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४चा, वर्ध्याचा. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो आणि तो भंडारा जिल्हाही त्याच मध्य प्रांतात होता. म्हणजे हा माणूस आमच्याच मुलखातला.

टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या मुलाने १९०६च्या सुमारास देश सोडला. आधी जपान, मग अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या एका सैनिकी अकादमीत तो शिकला, पुढे ओरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये त्याने संघटनेचं काम केलं. १९१३ साली गदर संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराण आणि बलुचिस्तानच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेऊन लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. १९२१ साली इतर भारतीय क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोला जाऊन आले. बर्लिनला राहिले. वीणा गवाणकरांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलं आहे आणि त्यांची मुलगी सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत. दोन्ही वाचताना वाटतं की हा भाग थरारपटासारखा आहे.

मला मात्र त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोला पोहोचले. वय चाळीस. भारतात परतणं शक्य नाही, इंग्रजांच्या नोंदीत नाव आहे. लढाई हरलेली. हातात एकच विद्या उरलेली, शेतीची.

मेक्सिकोत जाणारे ते पहिले भारतीय क्रांतिकारक नव्हते. मानवेंद्रनाथ रॉय १९१७ ते १९१९ तिथे होते. तिथला कम्युनिस्ट पक्ष स्थापन करण्यात त्यांचा हात होता. पण रॉय तिथून मोठ्या जगाकडे निघून गेले. खानखोजे तिथे राहिले, जवळजवळ तीन दशकं. तिथेच त्यांनी लग्न केलं, मुली झाल्या. देश 'समजून घेण्याची' योजना घेऊन ते गेले नव्हते. राहायला जागा आणि करायला काम हवं होतं. ते जुन्या ओळखीतून मिळालं. रामोन दे नेग्री नावाचे गृहस्थ गदरच्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला मेक्सिकोचे वाणिज्यदूत होते. पुढे ते कृषिमंत्री झाले. कागदपत्रांपेक्षा ओळख कामाला आली. आमच्या पीडीएफमधला हा मुद्दा तेवढा बरोबर होता.

तो देश तेव्हा कुठे होता

आता थोडं मागे जाऊ. खानखोजे पोहोचले तो मेक्सिको नुकताच दहा वर्षांच्या यादवीतून बाहेर आला होता. १९१० साली क्रांती सुरू झाली तेव्हा देशातली बहुतेक चांगली जमीन 'आसिएंदा'च्या ताब्यात होती. आसिएंदा म्हणजे हजारो एकरांची जहागीर. मधोमध मालकाचा वाडा आणि देवघर, भोवती राबणाऱ्यांच्या झोपड्या. मजुरीचा हिशेब मालकाच्याच दुकानात व्हायचा. त्या दुकानाला 'तिएन्दा दे राया' म्हणत. मका, कापड, मेणबत्त्या तिथूनच घ्यायच्या, उधारीवर. उधारी फिटायची नाही, ती बापाकडून मुलाकडे जायची. कर्ज आहे तोवर जागा सोडता येत नसे.

आमच्याकडे तेव्हा मालगुजारी होती. मालगुजार सरकारला सारा भरायचा आणि गावाचा मालक असायचा. त्याच व्यवस्थेत कोहळी मालगुजारांनी तलाव बांधले, ज्यांना आता कागदोपत्री 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. त्या तलावांवर आमचं धान आजही पिकतं. दोन्ही व्यवस्था एकसारख्या होत्या असं मी म्हणत नाही. पण गावाची जमीन गावाची नसणं काय असतं, हे मध्य प्रांतातल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं.

मेक्सिकोच्या दक्षिणेत एमिलियानो सापाता या शेतकरी नेत्याने जमीन आणि स्वातंत्र्य मागत बंड केलं. १९१९ साली दगा देऊन त्याला मारलं गेलं. पण १९१७च्या राज्यघटनेच्या २७व्या कलमाने त्याची मागणी कागदावर आणली होती. जमिनीची मूळ मालकी राष्ट्राची, आणि मोठ्या जहागिरी फोडून गावांना द्यायच्या. गावाला मिळालेल्या अशा जमिनीला 'एहिदो' म्हणतात. मालकी सामूहिक, कसणं प्रत्येक घराचं. कागदावरची ही गोष्ट जमिनीवर यायला वेळ लागला. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३४ ते १९४०, सर्वात मोठं वाटप झालं, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर. आमच्याकडे मालगुजारी १९५१ साली गेली.

खानखोजे जिथे शिकवायला लागले ती राष्ट्रीय कृषिशाळा चापिंगो या गावी होती. हे चापिंगो म्हणजेच एक जुनी आसिएंदा, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या मालकीची. क्रांतीनंतर ती ताब्यात घेऊन तिथे शेतीची शाळा आणली गेली. जिथे मजूर कर्जात जन्मत होते, तिथे त्यांची मुलं शिकायला येऊ लागली. या शाळेचं ब्रीद असं की इथे जमिनीपासून मिळवायला शिकवतात, माणसाला पिळायला नाही. तिथल्या देवघराच्या भिंती दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२४ ते १९२७ दरम्यान रंगवल्या. जमीन, बी, राबणारी माणसं. खानखोजे त्याच आवारात काम करत होते.

मका

तिथे त्यांचं काम होतं पिकांचं, मुख्यतः मक्याचं. आणि मेक्सिकोत मक्यावर काम करणं म्हणजे त्या समाजाच्या चुलीपर्यंत जाणं.

मका मूळचा मेक्सिकोचाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी 'तेओसिंते' नावाच्या जंगली गवतापासून तो घडवला. तेओसिंतेचं कणीस म्हणजे बोटभर काडी, त्यावर पाच-दहा टणक दाणे. ते आजही तिथे मक्याच्या शेतात, बांधावर उगवतं. काही भागांतले शेतकरी त्याला मक्याची आई म्हणतात आणि उपटत नाहीत. छत्तीसगडकडे धानाच्या बांधीत आपोआप उगवणाऱ्या जंगली धानाला करगा म्हणतात. आपल्या लेखी ते तण आहे. तिकडच्या शेतकऱ्याच्या लेखी ते नातं होतं. खानखोजेंनी ते नातं गंभीरपणे घेतलं. मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर त्यांनी प्रयोग केले आणि मक्याच्या नव्या वाणांवर लिहिलं.

शेतात मका एकटा नसतो. त्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पानं पसरून ओल धरून ठेवतात. या पद्धतीला 'मिल्पा' म्हणतात. आणि घरात मका तसाच दळत नाहीत. चुनखडीच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सालं धुऊन काढतात, मग वाटून 'तोर्तिया' थापतात. याला 'निश्तामाल' म्हणतात. आपल्याकडे चुना पानाला लागतो, त्यांच्याकडे भाकरीला. ही नुसती चव नाही. चुन्याशिवाय शिजवलेल्या मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला नीट मिळत नाही. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा हा आजार झाला. बी नेलं, रीत मागे राहिली. हे वाचलं तेव्हा मला आमची अकरा मुद्द्यांची पीडीएफ आठवली.

खानखोजे वर्गात थांबले नाहीत. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकरी चळवळीतल्या माणसांबरोबर 'एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा' सुरू केल्या. अर्थ सरळ आहे: शेतीच्या मुक्त शाळा. चापिंगोत शिकायला येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, त्यांच्याच गावात. नुकतीच जमीन मिळालेल्या माणसाला बी निवडायचं कसं, जमीन राखायची कशी, हे तिथे शिकवायचं. जमीन मिळाली म्हणजे काम संपलं नाही, ती टिकवावी लागते, नाहीतर कर्जाच्या वाटेने परत जाते, हे त्यांना दिसत होतं. या कामाची छायाचित्रं तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकर्तीने काढली.

आणि १९२८ साली मेक्सिको शहरात, शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत, रिव्हेराने एक भित्तिचित्र केलं. नाव 'एल पान नुएस्त्रो', आपली भाकर. एका मेजाभोवती वेगवेगळ्या वर्णांची, वयांची माणसं बसली आहेत. त्या मेजाच्या केंद्रस्थानी जो माणूस आहे, तो वर्ध्याचा आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय चित्रात आपल्या भाकरीचा वाटा करायला एक परका माणूस बसवला गेला, त्या देशात येऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. मी ते चित्र मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून कितीतरी वेळ पाहत होतो.

रीत कुठून येते

हे सगळं वाचल्यावर मी ती पीडीएफ पुन्हा उघडली. मुद्दे चुकीचे नव्हते. पण प्रत्येक मुद्द्यामागे 'का' नव्हता.

तिकडे व्यवहाराआधी माणूस पाहतात. त्यांचा शब्द आहे 'कोन्फियान्सा', भरवसा. जेवणाची वेळ दुपारी दोननंतरची, आणि जेवण झालं तरी लोक उठत नाहीत. मेजावर बसून बोलत राहतात, त्यालाही वेगळा शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. मुलाच्या बाप्तिस्म्याला ज्याला धर्मपिता केलं तो बापाचा 'कॉम्पाद्रे' होतो आणि हे नातं धंद्यातही चालतं. हे का? मी इतिहासकार नाही, पण मला दिसतं ते असं. जिथे शेकडो वर्षं कागद, कोर्ट आणि वजनकाटा मालकाच्या बाजूने होता, तिथे माणूस कागदावर नाही, माणसावर भरवसा ठेवायला शिकतो. सही करण्याआधी तो तुमचं घर पाहतो.

'नाही' न म्हणण्याचंही तसंच. 'आओरिता' म्हणजे शब्दशः 'आत्ताच', पण ते पाच मिनिटांनी असेल किंवा कधीच नसेल. आपल्याकडे 'बघू' आणि 'येतोच' याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याला नाही म्हणण्याची किंमत मोजावी लागत आली, तो नकार मऊ करून द्यायला शिकतो.

भाषेतही हे आहे. स्पॅनिशमध्ये 'तू' आहे आणि 'उस्तेद' आहे, म्हणजे 'तुम्ही'. इंग्रजीत हा फरक नाही. मराठी माणसाला तो जन्मापासून येतो. पण मी इंग्रजीतून मेक्सिको पाहत होतो आणि घरून घेऊन आलेली एवढी मोठी गोष्ट विसरलो होतो.

इथे एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. 'अरे, हे तर आपल्यासारखेच!' असं म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. त्या देशाचा एक मोठा भाग आपल्यासारखा नाही. १५२१ साली स्पेनने तिथलं अझ्टेक राज्य जिंकलं, आणि तिथे भाषा, धर्म, रक्त, सगळंच मिसळलं. बहुसंख्य लोकांची भाषा आज स्पॅनिश आहे, पण टोमॅटो, चॉकलेट हे शब्द मुळात तिथल्या नाहुआत्ल भाषेतले आहेत. चर्च तिथे फक्त श्रद्धेचं ठिकाण नव्हतं, मोठी सत्ता होती. १९२६ ते १९२९ या काळात, म्हणजे खानखोजे तिथे असतानाच, सरकारने चर्चवर निर्बंध घातले म्हणून खेड्यांतले हजारो शेतकरी सरकारविरुद्ध शस्त्र घेऊन उठले. क्रांतीने ज्यांना जमीन द्यायची, त्यांतलेच काही क्रांतीच्या सरकारशी लढत होते. 'कुटुंबाला आणि धर्माला महत्त्व देतात' या एका ओळीत हे मावत नाही.

आणि आमच्या दुकानातली वही? तिच्याबद्दलही मला आधीसारखं बोलता येईना. लाज वाटत होती ती गेली, पण नुसता अभिमानही वाटेना. ओळखीवर दिलेली उधारी हा भरवसा असतो. तीच उधारी, दुसऱ्याच्या हातात, तिएन्दा दे राया होते. वही तीच असते. ती कोणाच्या हातात आहे, आणि समोरच्याला दुसऱ्या दुकानात जायची मोकळीक आहे का, यावर सगळं असतं. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच त विचारा लागते बावा, यंदा त्याचं पिकलं का नाही."

परत येणं

देश स्वतंत्र झाला. खानखोजेंनी परत यायचं ठरवलं, तर व्हिसाचा अर्ज आधी नाकारला गेला. इंग्रजांनी घातलेली बंदी नव्या सरकारच्या कागदांत तशीच होती. ज्या देशासाठी घर सोडलं त्या देशाच्या दप्तरात ते अजूनही नको असलेले गृहस्थ होते. पुढे अडचण दूर झाली. १९४९ साली तेव्हाच्या मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयी सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. त्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि आम्हीही त्याच प्रांतात होतो. पन्नासच्या दशकात ते नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

या तारखेच्या आसपासची एक गोष्ट मला सुटत नाही. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या जाती. नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४पासून मेक्सिकोत केलेल्या कामातून हे गहू आले होते. आपण ज्याला हरितक्रांती म्हणतो तिची सुरुवात या बियाण्याने झाली. म्हणजे खानखोजेंच्या शेवटच्या हिवाळ्यात उत्तर भारताच्या शेतांत मेक्सिकोचा गहू उभा होता, आणि मेक्सिकोच्या शेतांत आयुष्याची जवळजवळ तीन दशकं घालवलेला माणूस नागपुरात होता. त्या गव्हाने देशाची भूक भागवली, हे मी नाकारणार नाही. आमच्या दुकानातलं अर्धं सामान त्याच क्रांतीचं आहे. पण मेक्सिकोकडून आपण पोत्यात भरता येईल तेवढं घेतलं. गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर बसणारी मुक्त शाळा पोत्यात भरता येत नव्हती.

शाळेत मला खानखोजे कधी भेटले नाहीत. वर्धा आमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर, तरी नाही. सप्टेंबर २०२२मध्ये त्यांचा पुतळा बसला तो चापिंगोत. लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ज्या आवारात त्यांनी मक्याची कणसं मोजली तिथे ते आता उभे आहेत.

शेवटचा कॉल

दिवाळीनंतर मी परत रुजू झालो तेव्हा कळलं की ग्राहक आमचं कंत्राट पुढे वाढवणार नाही. कारण काय ते कोणी स्पष्ट सांगितलं नाही. ईमेलमध्ये 'पुढे बघू' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. आमच्या टीममध्ये दोन दिवस चर्चा झाली की याचा अर्थ हो की नाही. मला तो कळला होता.

कामं सोपवून देण्याचा शेवटचा कॉल माझ्याकडे होता. अकरा मुद्दे उरकले. मग मी म्हणालो, "इन्हेनिएरो, वर्षभर मी तुमचं नाव चुकीचं लिहिलं, माफ करा." ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं होतं की भारतात असंच लिहिण्याची पद्धत असेल, म्हणून ते बोलले नव्हते. मग मी विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

वीस मिनिटं बोलत होते. आई आहे, ऐंशी पार. दोन मुली. वडिलांची एहिदोतली थोडी जमीन, त्यावर अजून मका करतात, परवडत नाही तरी करतात, कारण आईला विकतच्या पिठाची तोर्तिया चालत नाही. मी सांगितलं, आमच्याकडे धान असतं. त्यांनी फोटो मागितला. कापणी झालेली होती, बांधीत पुंजणे लागले होते. बाबांना फोन करून मी फोटो मागवला आणि पाठवून दिला. त्यांनी विचारलं, या ढिगाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी 'पुंजणा' लिहून पाठवलं. ते तीनदा बोलून पाहिलं त्यांनी.

कंत्राट गेलं ते गेलंच. रात्री बाबांना फोन केला. कंत्राटाचं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "कोण कोण आहे मग त्याच्या घरी?"

या वेळी मला सांगता आलं.